झाकलेले शस्त्र आणि त्याचा परवाना



पुलगावच्या दारूगोळा भांडाराला खेटून वसलेल्या, आणि ३१ मे २०१६ च्या भीषण आगीचे स्मरण अद्याप ताजे असलेल्या या परिसरात कमरेच्या पिस्तुलाविषयी बोलणे म्हणजे समुद्रकाठी घागरीची चर्चा करण्यासारखे वाटेल. परंतु भांडारातील शस्त्र सरकारचे असते आणि कमरेचे पिस्तूल तुमच्याआमच्यासारख्या रयतेचे. म्हणूनच त्याचा विचार निराळा करावा लागतो.

अमेरिकेत शस्त्र कपड्याआड लपवून बाळगण्यास अनेक राज्यांत स्वतंत्र परवाना लागतो, आणि त्यासाठी विशेष कारण दाखवण्याची न्यूयॉर्क राज्याची अट तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे असा स्वतंत्र परवाना नाही. आपले २०१६ चे शस्त्र नियम उलट असे फर्मावतात की, परवानाधारकाने सार्वजनिक जागी शस्त्र न्यायचे तर ते म्यानात वा पिशवीत पूर्णपणे झाकलेले आणि त्याच्या ताब्यात असले पाहिजे. तिकडे जी सवलत, तेच इकडे बंधन. ज्यांना पिस्तूल मिरवण्यासाठीच हवे असते, त्यांची यामुळे मोठीच निराशा होत असेल. आणि वरातीत बार काढणाऱ्यांच्या हौसेने कुणाच्या जिवाला धोका पोचला, तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही, ठेवले आहेत.

या कायद्याचा पूर्वेतिहास आपल्या जिल्ह्याच्या एका थोर रहिवाशाशी निगडित आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने एतद्देशीयांना परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना प्रारंभी मोकळीक दिली. पुढे सेवाग्रामी येऊन राहिलेल्या महात्माजींनी जानेवारी १९३० मध्ये सरकारपुढे ज्या अकरा मागण्या मांडल्या, त्यांत आत्मसंरक्षणार्थ बंदुकीचे परवाने लोकनियंत्रणाखाली द्यावेत, हीही एक होती! अहिंसेच्या उपासकाने ही मागणी करावी याचे नवल वाटण्याचे कारण नाही. निःशस्त्र केलेल्या माणसाची अहिंसा ही त्याची निवड नसते, हे त्यांनी ओळखले होते. १९३१ च्या कराची ठरावातही शस्त्र बाळगण्याचा हक्क, नियमांच्या अधीन राहून का होईना, नमूद झाला. मात्र संविधानाच्या मूलभूत हक्कांत त्याला स्थान मिळाले नाही. १९५९ च्या कायद्याने परवाना कायम ठेवला, पण केवळ अर्जदाराची मालमत्ता पुरेशी नाही एवढ्या सबबीवर तो नाकारता येणार नाही, असे कलम त्यात घातले. हे कलम मला फार मोलाचे वाटते.

अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो, पण त्याची खरी परीक्षा गावातच होते. ठाण्याचा अंमलदार चौकशीस येतो तेव्हा शेजारच्या ओट्यावर बसून विचारतो : इसम पितो काय, धुऱ्यावरून भावाशी तंटा आहे काय, पूर्वी मुचलका लिहून दिला आहे काय? अर्जातील 'स्वसंरक्षण' या भारदस्त शब्दामागे पुष्कळदा तो धुराच दडलेला असतो, आणि अशा वेळी परवाना नाकारणे हेच त्या दोन्ही भावांचे संरक्षण होय. नकाराचा हुकूम अन्यायाचा वाटल्यास नागपूरच्या विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते. शिफारशी गोळा करीत हिंडण्यापेक्षा तो मार्ग सरळ आहे.

रोही आणि रानडुकरे यांनी उभे पीक लोळवल्यावर जागलीला बसणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट मात्र वेगळी. त्याच्यासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद कायद्यातच आहे. तथापि बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची मुभा नव्हे. ती वनखात्याकडून स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

जाता जाता एक विनंती. परवानाधारक वडील वारले आणि बंदूक मात्र माळ्यावर तशीच राहिली, अशी घरे गावोगाव असतात. वारसाच्या नावे परवाना होऊ शकतो. पण तोवर ते शस्त्र घरात ठेवणे बेकायदा आहे. असे कुणाच्या घरी असेल, तर त्याने उद्याच ते पुलगावच्या ठाण्यात जमा करावे आणि पावती घेतल्याखेरीज परतू नये.