वनौषधीत विष उतरू देऊ नका



अश्वगंधा, शतावरी ही पिकं आता आपल्याकडं होऊ लागली आहेत. ‘झाडपाल्याचं औषध, त्यानं काय अपाय?’ असं आपण म्हणतो. पण अमेरिकेत बोस्टन भागात विकली जाणारी ७० आयुर्वेदिक औषधं तपासली, तेव्हा १४ औषधांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. हा निकाल २००४ साली प्रसिद्ध झाला. पुढं १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनौषधींना जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. दहा लाख भागांत शिसं १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग, ही त्याची मर्यादा.

काही धातू औषध तयार करताना येतात, तर काही माती-पाण्यातून. तेवढं आपल्या हाती आहे. कारखान्याच्या सांडपाण्यावर हे पीक घेऊ नये. मुळं स्वच्छ पाण्यानं धुवावीत. डांबरी रस्त्यावर नव्हे, ताडपत्रीवर वाळवावीत. ओलसर माल पोत्यात भरला की बुरशी धरते; मागाहून वाळवून तिचं विष जात नाही. काय फवारलं, कधी फवारलं, ते वहीत टिपून ठेवावं.

तपासणीचा नमुना निवडक मालाचा देऊ नका. पाच-सहा पोत्यांतून, वरून, मधून, तळातून थोडाथोडा माल काढा, एकत्र कालवा आणि कोरड्या, स्वच्छ पिशवीत भरा. नाहीतर फसगत आपलीच.

हे मूळ शेवटी कुणा आजारी माणसाच्या पोटात जायचं आहे, एवढं ध्यानात असू द्या.