भोवरे आणि खुंट्या

आमच्या हिमायतनगरच्या रस्त्याने जाताना रोगनिदान-केंद्रांच्या पाट्यांवर ‘एम. आर. आय.’ ही अक्षरे दिसतात. अशा बहुतेक यंत्रांच्या पोटात नायोबियम-टायटॅनियमच्या तारेचे वेटोळे असून, द्रव हेलियमने ते उणे 269 अंश सेल्सियसला ठेवलेले असते. तेथे विजेला रोध म्हणून उरत नाही. परंतु हेलियम महाग, आणि आपल्याला तो बहुतांशी परदेशांतून आणावा लागतो. 1986 साली बेड्नॉर्झ व म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडांत अतिसंवाहकता आढळली. 1987 साली इट्रियम, बेरियम व तांबे यांचा ऑक्साइड उणे 181 अंशांलाच अतिसंवाहक होतो असे दिसले. आता उणे 196 अंशांच्या स्वस्त द्रव नायट्रोजनवर भागेल, अशी आशा तेव्हा साऱ्यांना वाटली. मग ही यंत्रे अद्याप हेलियमवरच का चालतात?

उत्तराचा मोठा भाग भोवऱ्यांत आहे. अब्रिकोसॉव्ह यांनी 1957 साली दाखविले, की प्रबळ चुंबकीय क्षेत्र अशा पदार्थात बारीक तंतूंच्या रूपाने शिरते आणि प्रत्येक तंतूभोवती वीज गरगर फिरते. एक टेस्ला क्षेत्रात शेजारच्या दोन भोवऱ्यांतील अंतर मिलिमीटरच्या सुमारे वीस हजाराव्या भागाइतके असते. तारेतून वीज सोडली, की ती या भोवऱ्यांना बाजूला ढकलते. ते हलले, की ऊर्जा खर्ची पडते आणि हरवलेला रोध परत येतो!

म्हणून त्यांना खुंट्यांना बांधावे लागते. भोवऱ्याचा गाभा अतिसंवाहक नसतो. तो एखाद्या दोषावर बसला तर ऊर्जेची बचत होते, आणि तो तेथून सहसा हलत नाही. शुद्धतेच्या उपासकांना हे रुचणार नाही, पण निर्दोष स्फटिक येथे कुचकामाचा. नायोबियम-टायटॅनियमच्या तारेतही टायटॅनियमचे सूक्ष्म कण मुद्दाम निर्माण केलेले असतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी 2015 साली, किंचित कोबाल्ट मिसळलेल्या नायोबियम डायसेलेनाइडच्या स्फटिकातील भोवऱ्यांची चित्रे प्रसिद्ध केली. तेथील खुंट्या दुबळ्या. क्षेत्र वाढविताच भोवऱ्यांची नीटस रांगोळी एकदम न मोडता दोन टप्प्यांनी मोडली. हा पदार्थ मात्र जुन्या, अतिशीत जातीचा.

तांब्याच्या ऑक्साइडांची अडचण वेगळी. त्यांची घडण भाकरींच्या चळतीसारखी: थरातून वीज सहज वाहते, एका थरातून दुसऱ्यात जाताना अडखळते. याला दिशाभेद म्हणू. इट्रियमच्या पदार्थात तो साधारण पाच ते सातपट असतो. बिस्मथच्या पदार्थांत कित्येक पटींनी अधिक. तेथे भोवरा अखंड दोरासारखा राहत नाही. त्याच्या थरागणिक चकत्या होतात. खुंटी एका चकतीला धरते, बाकीच्या निसटतात. त्यातच नायट्रोजनच्या तपमानाला उष्णतेचे हेलकावे जोरदार. त्यामुळे थरांना लंब असे एक टेस्लाहून कमी क्षेत्रही बिस्मथच्या तारेला तेथे पुरेसे होते. रुग्णालयांतील यंत्रांना तर सहसा दीड किंवा तीन टेस्ला लागतात.

उपाय निघाले आहेत. जड आयनांच्या माऱ्याने स्फटिकात सरळ, स्तंभासारखे दोष निर्माण करता येतात. इट्रियमच्या पातळ थरात बेरियम झिर्कोनेटचे सूक्ष्म स्तंभ वाढविता येतात. पण हे स्तंभ भोवऱ्याला सर्वांत घट्ट धरतात ते क्षेत्र त्यांच्याच दिशेने असेल तर. वेटोळ्याच्या टोकांशी क्षेत्र तिरपे होते, तेथे पकड सैल पडते. आणि साऱ्या वेटोळ्यातून किती वीज नेता येईल, हे त्या सर्वांत कमजोर जागीच ठरते.