कर्ज किती नव्हे, कर्ज कशासाठी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आयोजकांनी मला दोनच सूचना दिल्या आहेत. तुझं संशोधन सोप्या भाषेत सांग आणि जेवणाच्या आत संपव. दुसरी नक्की पाळीन, पहिलीचा प्रयत्न करतो.

मघाशी चहाच्या वेळी मागच्या बाकावरच्या एका मित्राने विचारलं, "इतकी वर्षं तू विद्यापीठात करतोस तरी काय?" मी म्हटलं, "देश श्रीमंत होताना हवेत कार्बन किती जातो आणि त्यात बँकांच्या कर्जाचा हात किती, ते तपासतो." तो म्हणाला, "मग विद्यापीठात कशाला जातोस? कळंबोली सर्कलला उभा राहा!"

त्याचं म्हणणं खोटं नाही. आपण शाळेत होतो तेव्हा पनवेल म्हणजे भातशेती, मिठागरं आणि एसटी स्टँड. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. मग द्रुतगती मार्ग आला, २०१६ मध्ये महानगरपालिका झाली आणि २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. विकसनशील देशांचं जे चित्र मी आकड्यांत पाहतो, ते आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमच्या घरचं भातशेत याच काळात संपादनात गेलं. १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईचं आंदोलन झालं, पाच जण हुतात्मा झाले आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. आमच्या वाट्याच्या भूखंडाच्या पैशातून माझं पुढचं शिक्षण झालं. त्यामुळे 'विकास नकोच' असं म्हणण्याचा अधिकार निदान मला तरी नाही.

आता थोडं अर्थशास्त्र. १९९१ मध्ये ग्रॉसमन आणि क्रूगर या दोन अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी निरनिराळ्या देशांतल्या शहरांची हवा तपासली. उत्पन्न वाढू लागलं की आधी प्रदूषण वाढतं, पण एका टप्प्यानंतर ते उतरू लागतं, असं त्यांना काही प्रदूषकांच्या बाबतीत दिसलं. आलेखावर ही रेषा उलट्या 'यू'सारखी, म्हणजे टेकडीसारखी दिसते. त्यावरून पुष्कळांनी सोयीस्कर अर्थ काढला : आधी श्रीमंत होऊ, हवा पुढे आपोआप साफ होईल.

पण पुढच्याच वर्षी जागतिक बँकेसाठी शफिक आणि बंद्योपाध्याय यांनी केलेल्या अभ्यासात कार्बन डायऑक्साइडची टेकडी काही उतरताना दिसली नाही. उत्पन्नाबरोबर तो चढतच राहिला. कारण समजायला सोपं आहे. धुराने डोळे चुरचुरले की लोक मोर्चा काढतात, नगरसेवकाला धरतात. कार्बन डायऑक्साइडला रंग नाही, वास नाही. तो इथे सुटतो आणि त्याचा त्रास साऱ्या जगाला वाटला जातो. त्याच्यासाठी मोर्चा कोण काढणार?

मग कर्जाचं काय? इथे संशोधकांची उत्तरं जुळत नाहीत. काही देशांत कर्जवाटप वाढलं तसं उत्सर्जन वाढलं, काही देशांत कमी झालं. मीही या कोड्यात बरीच वर्षं घालवली. मला पटलेलं उत्तर असं की आपलं मापच अपुरं आहे. खासगी क्षेत्राला दिलेलं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या किती टक्के, एवढंच आपण बहुधा मोजतो. त्या आकड्यात डिझेलच्या ट्रकचं कर्ज आणि सौरपंपाचं कर्ज एकाच रांगेत बसतं. किती दिलं ते कळतं, कशासाठी दिलं ते कळत नाही.

आणि फरक तर 'कशासाठी' यानेच पडतो. आपली लोकलच घ्या. १९९२ मध्ये ती खाडी ओलांडून वाशीला आली, १९९८ मध्ये पनवेलला पोहोचली. मानखुर्द-बेलापूर मार्गाच्या खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश भाग सिडकोने उचलला. सिडकोचा पैसा मुख्यतः भूखंडांच्या विक्रीतून येतो. म्हणजे आपल्या शेतांतूनच. त्या गाडीची वीज आजही बरीचशी कोळशाचीच आहे, तरी एकेकट्याने मोटारीने जाण्यापेक्षा लोकलच्या प्रवाशामागे कार्बन कितीतरी कमी सुटतो.

दुसरं उदाहरण कोकण रेल्वेचं. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं, रोखे विकून मोठा पैसा उभा केला आणि १९९८ मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला. पुढच्याच वर्षी कोलाडहून भरलेले ट्रक रेल्वेच्या वाघिणींवर चढवून गोव्याकडे नेणारी रो-रो सेवा सुरू झाली. ट्रक तोच, माल तोच, पण घाटातलं डिझेल वाचलं. २०२२ मध्ये या मार्गाचं विद्युतीकरणही पूर्ण झालं.

यातलं काहीच आपोआप झालं नाही. कुणीतरी बैठकीत बसून पैसा इकडे न घालता तिकडे घालायचं ठरवलं, म्हणून झालं.

हे सगळं मी आजच का सांगतोय? कारण आपल्या तुकडीने शाळेसाठी निधी जमवला आहे आणि त्यातून प्रवेशद्वारावर कमान उभारायचं जवळजवळ ठरलं आहे. मीही पैसे दिले आहेत, तेव्हा तक्रार करायचा हक्क आहे. राग मानू नका, पण मला वाटतं तो पैसा शाळेच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवायला द्यावा.

हिशेब साधा आहे. दहा किलोवॉटचा संच आपल्याकडे वर्षाला साधारण बारा-तेरा हजार युनिट वीज देतो. सध्या आपल्या देशात एका युनिटमागे साधारण पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे वर्षाला नऊ टनांच्या आसपास बचत. एका भारतीयाचा वर्षाचा सरासरी वाटा दोन टनांच्या आसपास आहे, अमेरिकी माणसाचा त्याच्या सहा-सात पट. आपण जगाचे मोठे गुन्हेगार नाही, हे खरंच. पण शाळा उन्हाच्या वेळेतच भरते, वीज तेव्हाच लागते, आणि बिलात वाचलेले पैसे प्रयोगशाळेला देता येतील.

भारताने कार्बनचा हिशेब शून्यावर आणण्यासाठी २०७० हे साल जाहीर केलं आहे. आज दहावीत असलेली मुलं तेव्हा साठीला टेकलेली असतील आणि कदाचित याच सभागृहात त्यांचा स्नेहमेळावा भरेल. कमानीवर आपल्या तुकडीचं नाव असलं तर ती वाचतील. गच्चीवरच्या पॅनेलवर नाव कुणाला दिसणार नाही, हे मला मान्य आहे. पण गणिताच्या बाईंनी आपल्याला शिकवलं होतं की उत्तर बरोबर असेल तर पायऱ्याही दाखवायच्या. मी पायऱ्या दाखवल्या. उत्तर आपण जेवताना मिळून ठरवू.