उन्हाळा, कॅबिनेट आणि पंखे : आकडा नको, फरक बघा

ऐकताय मोबाईलवर, पण आजचा विषय टेबलाखालच्या डब्याचा आहे. घरात आपण ज्याला सरसकट ‘सीपीयू’ म्हणतो, त्या कॅबिनेटचा. मार्च उजाडला की मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो : ‘दादा, टेम्परेचर ८५ दाखवतंय, पीसी जळेल का?’

माझा उलटा प्रश्न असतो, खोलीत किती आहे? कारण नुसता ८५ काहीच सांगत नाही.

पंखा हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. त्यामुळे कितीही भारी पंखा लावा, आतलं काहीही खोलीपेक्षा थंड होणार नाही. आता आपली मुंबई बघा. जानेवारीत सकाळी खोली २४ अंशांवर असते. मे महिन्यात वरच्या मजल्यावर दुपारी ३४ सहज होतात. आपल्या सांताक्रूझच्या वेधशाळेत तर १४ एप्रिल १९५२ ला ४२.२ अंशांची नोंद आहे. म्हणजे जो प्रोसेसर जानेवारीत ७४ दाखवत होता, तो मे महिन्यात ८४ दाखवणारच. दोन्ही वेळा फरक ५० चाच. मशीन तेच आहे, ऋतू बदललाय. पण हाच फरक ६०-६५ झाला, तर मात्र काहीतरी बिघडलंय. धूळ साचली असेल, थर्मल पेस्ट वाळली असेल, नाहीतर एखादा पंखा बंद पडला असेल.

आणि ‘जळेल का’चं उत्तर : सहसा नाही. रायझन ५ ७६००एक्स ९५ अंशांपर्यंत चालेल असाच बनवलाय. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० आहे. त्याच्या जवळ गेलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. नुकसान होतं ते तुमच्या कामाचं.

घाटकोपरच्या एका श्रोत्याचं असंच झालं. घरून लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. मे महिना, हातात चार लग्नं, आणि एक्सपोर्ट अर्ध्यात आला की मशीन रेंगाळायचं, दोनदा तर बंदच पडलं. दुकानदार म्हणाला, लिक्विड कूलर टाका, आठ हजार. त्याचा मला मेसेज आला, ‘टाकू का?’ मी फोटो मागवला. सुताराकडून करून घेतलेलं टेबल, त्यात सीपीयूसाठी मापात बसवलेला लाकडी कप्पा, मागे भिंत. आपल्याकडे निम्म्या घरांत हेच टेबल असतं. मागून बाहेर पडलेली गरम हवा भिंतीवर आपटून पुन्हा पुढून आत जात होती. त्याला म्हटलं, एक रुपया खर्च न करता कॅबिनेट बाहेर काढ आणि तोच एक्सपोर्ट लाव. ११ अंश उतरले. आठ हजार वाचले.

तुम्हीही आधी हीच परीक्षा करा. दहा मिनिटं जड काम चालवा, आकडा लिहा. मग बाजूचं झाकण काढून पुन्हा तेच करा. खूप उतरला तर कॅबिनेटची हवा कोंडलीय, तिथे पंख्याचा उपयोग होईल. फारसा उतरला नाही तर अडचण कूलर किंवा पेस्टची आहे, चार पंखे आणून काही होणार नाही.

आता पंखे किती? थोडं गणित. मशीन ३०० वॅट उष्णता टाकतंय आणि कॅबिनेटमधून खरोखर ४० सीएफएम हवा जातेय, तर बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा साधारण १३ अंशांनी गरम असते. हवा ८० केली तर साडेसहा. १६० केली तर सव्वातीन. बघा, पहिल्यांदा दुप्पट केल्यावर साडेसहा अंश मिळाले, दुसऱ्यांदा जेमतेम तीन. म्हणून साध्या मशीनला पुढून दोन आत, मागून एक बाहेर, एवढं पुरतं. सहा-सात रंगीत दिव्यांचे पंखे हवे असतील तर हौस म्हणून घ्या!

दिशा ओळखायची खूण : पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणारे प्लॅस्टिकचे आडवे दांडे असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. आत येणारी हवा थोडी जास्त ठेवा आणि तिथे जाळी लावा, म्हणजे फटींतून धूळ शिरत नाही. लाल बहादूर शास्त्री मार्गावर मेट्रोचं काम किती वर्षं चाललंय, मुलुंड-भांडुपवाल्यांना धूळ काय असते ते सांगायला नको.

आता आवाज. वन बीएचकेमध्ये तुम्ही रात्री रेंडर लावता आणि शेजारी आई-बाबा झोपलेले असतात. इथे एक नियम कामाला येतो. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणून एक पंखा किंचाळत ठेवण्यापेक्षा दोन पंखे हळू चालवा.

बायोसमध्ये फॅन कर्व्ह असतो, म्हणजे किती तापमानाला किती वेग. थंड देशातल्या यूट्यूबरचा कर्व्ह तसाच उचलू नका. त्याचा पंखा ४० अंशांना जोर धरतो, आपलं मशीन मे महिन्यात नुसतं बसूनच ४८ वर असतं. मी सुरुवात अशी करायला सांगतो : ५५ पर्यंत ३५ टक्के, ७० ला ६० टक्के, ८५ ला पूर्ण. ब्राउझर उघडला तरी प्रोसेसर क्षणात पंधरा अंश उडी मारतो, म्हणून वेग वाढण्याआधी काही सेकंदांचा उशीर ठेवा. नाहीतर पंखा सारखा वर-खाली घरघरतो. आणि पंख्याला तीनच पिना असतील तर बायोसमध्ये डीसी निवडा. पीडब्ल्यूएमवर तो कायम पूर्ण वेगानेच फिरेल.

साफसफाई वर्षातून दोनदा : होळीच्या आसपास एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा. दमट हवेत धूळ पात्यांना चिकटून बसते. मशीन बंद करा, वायर काढा, ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेवा. पॉवर सप्लाय मात्र उघडायचा नाही. वायर काढल्यावरही आत करंट साठलेला असतो.

तर या रविवारी एवढंच करा. खोलीचं तापमान, कामाच्या वेळचं तापमान आणि दोघांतला फरक मोबाईलच्या नोट्समध्ये तारीख टाकून लिहून ठेवा. पुढच्या मे महिन्यात कुणी महागडा कूलर गळ्यात मारायला आला, तर तुमच्या हातात तुमचा स्वतःचा आकडा असेल.

तुमचा फरक किती येतो ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, पाणी पीत राहा!