बैठकीतून उठताना



कवीला आकाशवाणीवर बोलावलं की तो कविता ऐकवणार, असं तुम्ही धरून चालला असाल. आज कविता नाही. आज मला बैठकांबद्दल बोलायचं आहे. त्याही तालमीतल्या, आणि त्यातही खांद्यावर लोखंड घेऊन मारायच्या, ज्यांना हल्लीची मुलं ‘स्क्वॉट’ म्हणतात. सुरुवात मात्र कवितेच्याच बैठकीतून करावी लागेल.

तीन वर्षांपूर्वी एका गावी कविसंमेलनाला गेलो होतो. गादी, लोड, पांढरी चादर, असा सगळा थाट. दोन तास मांडी घालून बसलो आणि मग माझं नाव पुकारलं. उठायला गेलो, तर उठता येईना. एक हात लोडावर, दुसरा शेजारच्या तरुण कवीच्या खांद्यावर, असा कसाबसा उभा राहिलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या स्वागताच्या होत्या की उठण्याच्या, हे मला अजून कळलेलं नाही. वय तेव्हा ५२ होतं.

हे हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्याच पावसाळ्यात आमच्या अब्बांचा पाय न्हाणीत घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण पायांत जोर परत आला नाही. आमचे अब्बा म्हणजे कोल्हापुरातल्या गुळाच्या बाजारातले हमाल. ३० किलोचा गुळाचा रवा ते असा उचलायचे, जसा मी पुस्तकांचा गठ्ठा उचलतो. धान्याची पोती तेव्हा १०० किलोची असायची, तीही त्यांनी पाठीवर वाहिली. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, त्याच्या आधीपासूनचे ते हमाल. आणि आता त्यांना पलंगावरून खुर्चीवर घ्यायला कुणीतरी लागायचं. वजन केवळ ५८ किलो. मी वाकलो, उचललं, आणि कमरेत अशी चमक भरली की बारा दिवस मीच अंथरुणावर. ते बारा दिवस अब्बांना माझ्या बायकोनं आणि मुलीनं उचललं. पोत्याखाली आयुष्य काढलेल्या माणसाच्या मुलाला ५८ किलो झेपले नाहीत, हे मला फार लागलं.

डॉक्टरांनी तपासलं, रक्तदाब बघितला आणि म्हणाले, ‘कमर बरी होईल, पण मांड्यांत काही उरलेलं नाही. व्यायाम करा.’ आता व्यायाम मला नवा नव्हता. शाळेत असताना पेठेतल्या तालमीत दोन वर्षं काढली आहेत. आमच्याकडच्या कितीतरी तालमींत मोहरमला पंजे बसतात आणि भाद्रपदात गणपतीही बसतो. तिथं कोण कुणाचा हे कुणी विचारत नाही. बैठका किती मारल्या, हे मात्र विचारतात. गामा पैलवान रोज हजारो बैठका मारायचा असं वस्ताद सांगायचे. सांगणारा बदलला की आकडाही वाढायचा. पण १९१० साली लंडनला जाऊन त्यानं झिबिस्कोला दोन तासांहून जास्त वेळ खाली दाबून ठेवलं होतं, एवढं खरं आहे.

तेव्हा मला वाटलं, पुन्हा बैठका सुरू कराव्यात. माझ्या तालमीतल्या मित्राचा मुलगा जिममध्ये शिकवतो. त्याला म्हटलं, ‘शंभर मारेन रोज.’ तो म्हणाला, ‘चाचा, शंभर मारून दम वाढेल. ताकद पाहिजे असेल तर पाचच मारा, पण वजन घेऊन.’ हे मला पटायला वेळ लागला. नंतर आठवलं, आमचे वस्तादसुद्धा तयार पोरांच्या खांद्यावर दुसरं पोर बसवून बैठका मारायला लावायचे. म्हणजे त्यांनाही ते ठाऊक होतं. आकड्यांचा गवगवा आम्हीच केला.

पहिल्या दिवशी त्यानं नुसता बार दिला. नुसता बारच २० किलोचा असतो, हे मला तेव्हा कळलं. पाच बैठका, तीन मिनिटं विश्रांती, पुन्हा पाच, पुन्हा पाच. झालं, घरी जा. आठवड्यातून दोनच दिवस. पुढच्या आठवड्यात अडीच किलो जास्त, त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी अडीच. गुपित म्हणावं असं यात काही नाही. ग्रीक लोक मायलो नावाच्या मल्लाची गोष्ट सांगायचे: तो रोज एक वासरू खांद्यावर घ्यायचा, वासराचा बैल होईपर्यंत. हे शास्त्रात बसवलं ते थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरनं. दुसऱ्या महायुद्धात गुडघे जायबंदी झालेल्या सैनिकांना त्यानं हळूहळू वाढत जाणारी वजनं दिली आणि १९४५ साली त्यावर लेख लिहिला. तोवर अशा माणसांना जड वजन देणं घातक समजलं जायचं.

पहिल्या दोन महिन्यांत आरशात काही फरक दिसला नाही, पण बार मात्र हलका लागायला लागला. तो मुलगा म्हणाला, सुरुवातीला मांस कमी वाढतं, मज्जातंतू शिकतात. आहेत ते स्नायू एकदम, एका तालात कामाला लागतात. मला हे फार आवडलं. रियाज म्हणजे दुसरं काय असतं?

खाली जाण्यात मात्र खरी परीक्षा आहे. मांडीचा सांधा गुडघ्याच्या वरच्या कडेपेक्षा खाली गेला पाहिजे, स्पर्धेतला नियम असाच आहे. गुडघे आत वळू द्यायचे नाहीत, टाच उचलायची नाही, बार पावलाच्या मध्यावरच वर-खाली झाला पाहिजे. टाच उचलायची नाही इथं मी अडायचो, कारण तालमीतल्या बैठकीत आपण चवड्यांवर जातो. शिवाय उकिडवं बसणंच विसरलो होतो. लहानपणी आपण सगळे तासन्‌तास उकिडवे बसायचो: चुलीपुढं, गोट्या खेळताना, कुठंही. घरात कमोड आला, जेवणाला टेबल आलं, आणि शरीरानं ती जागा सोडून दिली. महिनाभर मी रोज भिंतीला धरून पाच मिनिटं उकिडवा बसलो. बायको म्हणायची, ‘काय हरवलंय?’

चार महिन्यांत ६० किलोवर आलो आणि गर्व झाला. ८० वर तो उतरला. खाली गेलो आणि वर येईना. रॅकला दोन्ही बाजूंना आडव्या दांड्या असतात, त्यांच्यावर बार ठेवून खालून रांगत बाहेर आलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मुलानं विचारलं, ‘झोप किती?’ पाच तास, रात्री जागून लिहायची सवय. ‘जेवणात काय?’ भात. त्यानं वजन ७२ वर आणलं. म्हणाला, दोन अंडी वाढवा, डाळ वाढवा, झोपा आणि इथून पुन्हा चढा. रमजानमध्ये वजन वाढवायचंच नाही, तरावीहनंतर हलक्या बारवर दोन सेट, बस्स. मागं यायला जमणं हाही या विद्येचाच भाग आहे. कवींना तो जड जातो.

या वयात हे कशाला, असं पुष्कळांनी विचारलं. तिशी-चाळिशीनंतर माणसाचं मांस झिजत जातं आणि साठीनंतर ते वेगानं झिजतं. पण ते परत मिळतच नाही, हे खोटं आहे. १९९० साली बॉस्टनमध्ये वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजनं उचलायला लावली. जे नऊ जण शेवटपर्यंत टिकले, त्यांच्या पायांतली ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी चालताना काठी सोडली. नव्वदीत! अर्थात हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. जड वजनाखाली श्वास रोखला की रक्तदाब बराच चढतो.

श्वासाचाच किस्सा सांगतो. मी जिमला पैसे भरतो हे अब्बांना कळलं तेव्हा ते म्हणाले, ‘पैसं दिऊन वझं उचलतूस व्हय?’ दिवसभर हसत होते. एकदा मी त्यांच्यापुढं तक्रार केली, की खालून वर येताना कंबर वाकते. त्यांनी पलंगावरूनच विचारलं, ‘दम कवा घेतूस?’ म्हटलं, उठताना. म्हणाले, ‘उठताना न्हाई. वझ्याखाली जायच्या आधी. पोटात दम भरायचा, पोट टणक करायचं, मग जायचं. सोडायचा वर आल्यावर.’ मुलगा मला दोन महिने इंग्रजीत हेच सांगत होता. पोटातला तो दाब आतून कण्याला आधार देतो.

मग मी त्यांना स्टाइनबॉर्नची गोष्ट सांगितली. हा जर्मन मल्ल पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेला गेला आणि तिथं जड बैठकांचं वेड त्यानं लावलं. रॅक नव्हताच. बार एका टोकावर उभा करायचा, त्याखाली वाकायचं आणि तो पाठीवर कलता करून घ्यायचा. अब्बा म्हणाले, ‘पोतं असंच घ्येत्यात. त्यात काय?’

आता त्यांना मीच उचलतो, सकाळ-संध्याकाळ. पाय फाकवून जवळ जायचं, गुडघ्यांत वाकायचं, त्यांचे हात माझ्या गळ्यात, त्यांना छातीशी घट्ट धरायचं, कंबर पिळायची नाही. उठायच्या आधी ते कानाशी म्हणतात, ‘दम भर.’ मी भरतो. अब्बा आता ५४ किलोंचे आहेत. दर आठवड्याला मी बार जड करतो, आणि हे मात्र हातांना हलके लागत जातात. त्याबद्दल आम्ही दोघं बोलत नाही.

परवा जिमवरून आलो तेव्हा त्यांनी विचारलं, ‘किती झालं?’

‘पंच्याण्णव.’

त्यांनी जरा हिशेब केला आणि म्हणाले, ‘म्हंजे पोतं अजून व्हायचंय.’