खेळाडूचे मन



कुस्तीचा फड भरला म्हणजे आपण पैलवानाची मान पाहतो, मांड्या पाहतो, खुराकाची चौकशी करतो. मन काही दिसत नाही, म्हणून त्याची चौकशी कोणी करीत नाही. पण तालमीतल्या जाणत्या वस्तादाला ठाऊक असते, की दोघे ताकदीने बरोबरीचे असले तर निकाल पुष्कळदा मनावर लागतो. आज या मनाविषयी थोडे बोलू.

प्रथम ताणाची गोष्ट. सामन्याआधी छाती धडधडते, तळहाताला घाम सुटतो, तोंड कोरडे पडते. पोराला वाटते, आपण भ्यालो. तसे नाही हो! शरीर कामाला सज्ज होत असते. 1908 साली यर्क्स आणि डॉडसन या दोघा अमेरिकी शास्त्रज्ञांनी उंदरांना विजेचे धक्के देऊन काही शिकविण्याचे प्रयोग केले. काम अवघड असले की धक्का फार हलका असून चालेना आणि फार जोराचा असूनही चालेना. मध्यम धक्क्याने उंदीर लवकर शिकत. पुढे हाच विचार माणसाच्या ताणाला लावला गेला. एकतारीची तार ढिली राहिली तर सूर लागत नाही, फार पिळली तर तुटते, तसेच हे.

काम जितके नाजूक, तितका ताण आवरावा लागतो. नेमबाजीचेच पाहा. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. या स्पर्धेत गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि शेवटी उभे राहून नेम धरावा लागतो. उभ्याने नेम धरणे सर्वांत कठीण, आणि तेथेच तो पाचव्या जागेवरून तिसऱ्या जागेवर आला. म्हणून नेमबाज नुसता नेमच धरीत नाहीत. श्वास संथ करण्याचा आणि प्रत्येक गोळीआधी ठरलेला क्रम न चुकता पाळण्याचाही रोज सराव करतात.

आता स्वभावाकडे वळू. काही माणसांना जोखमीची ओढच असते. झुकरमन या मानसशास्त्रज्ञाने ही ओढ मोजण्यासाठी 1964 साली प्रश्नावली तयार केली. पण जोखमीची ओढ म्हणजे शहाणपण नव्हे. व्यावसायिक कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाही तर चढाई करणारा बाद. अशा वेळी कच्चा गडी डोळे मिटून घुसतो. पक्का गडी कोपरारक्षक कोठे उभा आहे, मध्यरेषा किती लांब आहे, हे हेरतो आणि मगच हात टाकतो.

आणि कधी कधी मागे सरणे हेही धाडसच असते. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिने 2021 साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये सांघिक अंतिम फेरी अर्ध्यावर सोडली. हवेत गिरक्या घेताना आपण कोठे आहोत, याचे भानच सुटू लागले होते. तशीच रेटली असती, तर मान मोडण्याची भीती. लोकांनी नावे ठेवली. तिने ती सोसली, मन सावरले आणि 2024 साली पॅरिसला तीन सुवर्णपदके जिंकली.

गुरुजनहो, तुमच्या शाळेतले पोर उद्या मैदानावर थरथरताना दिसेल. त्याला भित्रा म्हणून हिणवू नका. कशाची धास्ती वाटते, ते विचारा. पुष्कळदा ती हरण्याची नसतेच. घरी गेल्यावर काय ऐकावे लागेल, याची असते. सामन्याआधी त्याला पाचपन्नास लोकांसमोर खेळवा, म्हणजे गर्दीची सवय होईल. पाय दुखावला असे म्हणाला, तर आधी पाय पाहा, मग गुणफलक. आणि हरून आला, तर त्या दिवशी चुका मोजू नका; पोटभर जेवू द्या. चुका दुसऱ्या दिवशीही सापडतात.