विलायतेचे पार्लमेंट आणि आपल्या गावची सभा
(आष्टी येथे भरलेल्या पालकांच्या सभेतील भाषण)

शेतकरी, कारागीर व ऊसतोडकरी बंधुभगिनींनो,

आमच्या हाताखाली शिकलेली, कोयत्यावर जाणाऱ्या घरची एक मुलगी सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनास शिकत आहे. मध्यंतरी ती सोबतच्या विद्यार्थ्यांबरोबर तेथील पार्लमेंट पाहावयास गेली. तिने फोनवरून जे सांगितले, ते तुमच्या कानी घालावे म्हणून आम्ही उभे आहोत.

दारावर झडती झाली. पण पैसा कोणी मागितला नाही, की वशिला कोणी विचारला नाही. सज्जात बसून त्यांनी कामकाज ऐकले. सभासद ६५० आणि बसावयास जागा ४२७. उशिरा येईल तो उभा राहील, मग तो कितीही बडा असो. एका सभासदाने आपल्या भागातील दवाखान्याविषयी विचारले, तेव्हा मंत्र्याला उठून उत्तर द्यावे लागले. मुलगी म्हणाली, "गुरुजी, इमारत मोठी आहेच, पण नवल वाटले ते त्या प्रश्नाचे."

हे घर गरिबाला सुखासुखी उघडले नाही. दहाव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरलेला केर हार्डी १८९२ साली निवडून आला. त्याच साली आपले दादाभाई नौरोजीही तेथे निवडून गेले. तेव्हा सभासदांस पगार नव्हता. पोट सांभाळून सभेत बसणे श्रीमंतासच परवडे. वर्षाला ४०० पौंड वेतन सुरू झाले ते १९११ साली. बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळण्यास १९२८ साल उजाडावे लागले.

आपल्याकडचे पाहा. डॉ. आंबेडकर लंडनास शिकले; त्यांच्या शिक्षणाला शाहू महाराजांनी हातभार लावला. पुढे १२ नोव्हेंबर १९३० रोजी याच पार्लमेंटातील लॉर्डांच्या दालनात पहिली गोलमेज परिषद उघडली. तीत ते दलितांचे प्रतिनिधी म्हणून बसले. विद्येवाचून हे घडते काय?

आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलात होता. १९५२ च्या निवडणुकीत बाप्यालाही मत मिळाले, बाईलाही. विलायतेच्या मजुराने पिढ्यान् पिढ्या झगडून मिळविले, ते आपल्या पदरात एका वेळी पडले. पण आपण त्याचे काय केले? ग्रामसभेच्या दिवशी आपण रानात असतो. वही घरोघर फिरते, आपण सही ठोकतो, नाहीतर अंगठा देतो. ठराव काय झाला, हे विचारीत नाही. सरपंचबाई घरी आणि खुर्चीत त्यांचा नवरा, हेही पाहून आपण गप्प बसतो.

बंधूंनो, दसरा झाला की मुकादमाची उचल फेडावयास तुम्ही कारखान्याला जाता. पोटासाठी जाता, त्याला आमचा बोल नाही. पण लेकरे गाडीत घालून नेऊ नका. आजा-आजीजवळ ठेवा. तशी सोय नसेल तर गावात हंगामी वसतिगृह मागा. ते मागण्याच्या जागा म्हणजे शाळेची समिती आणि आपली ग्रामसभा. तेच आपले पार्लमेंट. तेथेही उठून विचारता येते आणि उत्तर द्यावेच लागते.

त्या मुलीच्या आईबापांनी तिला एका हंगामात मागे ठेवले, म्हणून ती आज त्या सज्जात बसली. यंदाचा दसरा जवळ आला आहे. तुमच्या घरचे लेकरू कोठे बसणार, हे आजच ठरवा.